नंतरची अंबू

भिंतीवर अंबूचे दोन फोटो होते. बिराप्पाने चपला दाराबाहेर काढल्या, काचेचं दार ढकललं, थंड हवा अंगावर आली आणि समोर अंबू. डावीकडच्या फोटोखाली ‘आधी’ लिहिलं होतं, उजवीकडच्याखाली ‘नंतर’. त्याखाली बारीक अक्षरात, ‘वय साठ, बारा आठवडे’. नाव नव्हतं. गेलेल्या माणसाच्या फोटोला लोक हार घालतात, निदान कपाळाला गंध लावतात. इथं दोन्ही फोटोंवर वरून पांढरा दिवा सोडला होता, दुकानात साडीवर सोडतात तसा. टेबलामागच्या मुलीच्या छातीवर ‘पूजा’ अशी पट्टी होती. तिनं त्याचा मळका सदरा आणि हातातली शेंगांची पिशवी बघितली आणि विचारलं, काका, कुणासाठी आलाय, तुमच्यासाठी का काकूंसाठी? बिराप्पा म्हणाला, ‘‘काकूंसाठी.’’ मग ती म्हणाली, मॅडम आत आहेत, बसा. तो बसला. मॅडमचा बाप आहे हे त्यानं सांगितलं नाही. तोंड उघडलं असतं तर नात्याऐवजी दुसरंच काहीतरी बाहेर पडलं असतं.

तो कवठे महांकाळहून सकाळच्या गाडीनं आला होता, लेकीला, मायाला, अंबूच्या वर्षश्राद्धाची तारीख सांगायला. फोनवर सांगता आली असती, पण फोनवर माया घाईत असते आणि तिच्या मागं तान्हं रडत असतं. सांगलीतल्या विश्रामबागेत, तिच्या क्लिनिकच्या या नव्या जागेत तो पहिल्यांदाच येत होता. आधीची जागा दोन खोल्यांची होती, जिन्याखाली. तिथं तो गेल्या वर्षी एक रविवार आड बारा आठवडे आला होता. अंबूला मोटरसायकलवर मागं बसवून आणायचं, आत सोडायचं, आणि बाहेरच्या बाकावर पेपर घेऊन बसायचं. आता इथं गुळगुळीत फरशी, कुंडीत खोटं झाड, हवेत गोडसर वास. त्याला वाटलं होतं फोटो असेल तर मायाच्या घरी, देवाजवळ असेल. तो इथं आहे, जाहिरातीत आहे, आणि मायानं हे त्याला विचारलं नाही, सांगितलं नाही. उजवीकडच्या फोटोकडे त्याला बघवत नव्हतं. डावीकडची अंबू त्याची होती. कपाळावरच्या तीन आडव्या रेषा, त्यातली मधली तुटकी. डोळ्यांच्या कडेला उन्हानं पाडलेल्या बारीक चिरा. ती लग्नाआधी बापाच्या मेंढरांमागं आठ-आठ महिने चालायची, ते सगळं ऊन त्या कातडीत होतं. उजवीकडची अंबू गोल होती. गाल वर आलेले, चकचकीत, रेषा पुसलेल्या, डोळे गालांत थोडे बुडालेले. लोकांना ती तरणी दिसत असेल. बिराप्पाला तिथं तिचं मरण दिसत होतं, आणि त्याला ते खाली कुणीतरी लिहावं असं वाटत होतं, ‘नंतर’च्याही नंतर काय झालं ते.

टीपॉयवर घडीचा कागद पडला होता. त्यानं चष्मा लावून वाचला. मेंढीच्या वारेतून काढलेला अर्क, परदेशात तयार केलेला, थकलेल्या पेशींना पुन्हा जागं करणारा, त्वचेला आतून नवी करणारा. बिराप्पानं एकतीस वर्षं सरकारी जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर म्हणून, जखमा बांधत, काढली होती. वार म्हणजे काय हे त्याला कागदावरून कळायची गरज नव्हती. मेंढी व्याली की थोड्या वेळानं वार पडते. नाही पडली तर दुसऱ्या दिवशी मेंढपाळ दवाखान्याच्या पायरीवर येऊन बसतो, आणि मग आत घातलेल्या बोटांचा वास साबणानं, राखेनं, कशानंच तीन दिवस जात नाही. अंबूच्या माहेरी वार खड्डा करून पुरायचे आणि वर बाभळीची फांदी ठेवून दगड टाकायचे, कुत्र्यानं उकरू नये म्हणून. कुत्र्यानं खाल्ली तर मेंढी पान्हा चोरते असं तिचा बाप म्हणायचा. मायानं पहिल्यांदा ती बारकी बाटली घरी आणून दाखवली तेव्हा बिराप्पा म्हणाला होता, ह्यानं माणूस तरणा होत असता तर आपल्या मेंढरांच्या तळावरची कुत्री म्हातारीच झाली नसती. अंबू हसली, हसता हसता खोकायला लागली, आणि खोकला थांबेना. माया पाणी आणायला धावली. तेवढ्यात अंबूनं त्याच्याकडे बघितलं. ते बघणं म्हणजे गप्प राहा.

कारण तेव्हा दोघांना माहीत होतं. मिरजेच्या डॉक्टरनं जानेवारीत छातीचा स्कॅन बघून सांगितलं होतं की फुप्फुसं कडक होत चाललीत, ती परत मऊ होणार नाहीत, गोळ्यांनी थोडं लांबवता येईल. गोळ्या स्टेरॉइडच्या. डॉक्टर भला माणूस होता, त्यानं हेही सांगितलं होतं की दोन-तीन महिन्यांत चेहरा भरेल, लोक तब्येत सुधारली म्हणतील, तुम्ही तसं समजू नका. त्याच आठवड्यात मायाचा फोन आला होता की दिवस गेलेत, तिसरा लागला. लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि त्याआधी दोनदा पोट पडलं होतं. पोटुशा बाईच्या कानावर मरणाचं, दुखण्याचं काही घालायचं नाही ही त्यांच्याकडची रीत. ती मोडायचा विचार दोघांच्याही डोक्यात आला नाही. मिरजेहून परत येताना मोटरसायकलवर मागून अंबू एवढंच म्हणाली, ‘‘पोरगी मोकळी हुईपतूर गप ऱ्हायचं.’’ त्यानं मान हलवली. गोळ्या तिनं देवापुढच्या भंडाऱ्याच्या पिशवीत ठेवल्या, माया तिथं हात घालणार नाही म्हणून. पांढऱ्या गोळ्या पिवळ्या व्हायच्या. सकाळी ती हळदीसकट गिळायची आणि कपाळाला बोट लावायची, बघणाऱ्याला वाटावं देवाचं करतेय.

आणि मायाला तेव्हाच कुणाच्या तरी तोंडावर ते औषध करून बघायचं होतं. ती डॉक्टर नव्हती. बी.एस्सी. झाल्यावर पुण्यात सहा महिन्यांचा कोर्स, एवढंच. अंबू म्हणाली, माझ्या तोंडावर कर की, एवढं करपलेलं तोंड तुला सांगलीत कुठं मिळणार. बारीक सुयांचा रूळ फिरवायचा, वर तो अर्क चोळायचा, चाळीस मिनिटं हलायचं नाही. सपाट झोपायचं. अंबूला सपाट झोपवत नव्हतं. घरी ती तीन उशा लावायची. आत त्या पलंगावर मायानं तिला सपाट निजवलं, कारण मान वर असली की अर्क कानामागं ओघळतो. चाळीस मिनिटांनी अंबू बाहेर यायची तेव्हा ओठ जांभळट असायचे आणि त्याच्याकडे बघून ती लुगड्याचा पदर तोंडावर धरायची, सुयांनी झोंबतंय म्हणून. घरी गेल्यावर दोन-तीन दिवस ती भिंतीला टेकून बसलेली असायची. बसूनच जेवायची, बसूनच डुलकी काढायची. बिराप्पा म्हणायचा, पुढच्या रविवारी जायचं न्हाई. ती म्हणायची, जायचं. मार्चमध्ये चेहरा भरायला लागला. एकदा आरशात बघून तिनं विचारलं, कसं दिसतंय? त्यानं तिच्या जबड्याखाली अंगठा दाबून बघितला. जंत झालेल्या मेंढीच्या जबड्याखाली पाणी उतरतं तेव्हा तो असाच दाबून बघायचा. म्हणाला, ‘‘सुजलीयास.’’ साठ वर्षांच्या बाईनं उभ्या आयुष्यात एकदा विचारलं आणि तो हे म्हणाला. जबड्याखाली अंगठ्याची खूण राहिली होती, ती तिनं पदरानं पुसली, जणू ती पुसून जाईल.

शेजारी एक बाई येऊन बसली तसा तो भानावर आला. पन्नाशीची, अंगावर दोन-तीन पदरी सोनं, हातात पाण्याची बाटली. तिनं न विचारताच सांगितलं की ती दीपमाला, कराडहून आलीय, धाकटा सैन्यात आहे, पुढच्या महिन्यात त्याचं लग्न आहे, आणि थोरल्याच्या लग्नातल्या फोटोत ती विहीणबाईंपेक्षा म्हातारी दिसली होती ते तिला अजून झोंबतंय. शिवाय मायाचा कराडला दुसरं क्लिनिक काढायचा विचार आहे आणि जागा हिचीच आहे. मग तिनं हनुवटीनं भिंतीकडं दाखवलं.

‘‘आवं काका, हिचं बघा की. कातडं कसं झालंय. मी तर म्हटलं मायाला, मला आस्संच पायजे. मोठ्या घरची दिसती, न्हाई?’’

‘‘मेंढरं राखायची,’’ बिराप्पा म्हणाला.

बाईला तो विनोद वाटला. ती मोकळेपणानं हसली आणि म्हणाली, लय गमतीचे दिसता तुम्ही. मग तिनं पूजाला विचारलं की मला पण असंच होईल ना गं. पूजानं आतल्या दाराकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. म्हणाली, ताई, खरं सांगू का, फरक पडतो बायकांना, जरा उजळतं, जरा मऊ लागतं, पण असा कुणालाच न्हाई आला अजून. चाळीसच्या वर बायका झाल्या. मॅडम प्रत्येकीचं वहीत लिहितात आणि संध्याकाळी ती वही घेऊन बसतात. औषध बदललं, सुई बदलली, वेळ वाढवली. परवा स्वतःच्या तोंडावर करून घेतलं. मला म्हणतात, पूजा, त्या एका वेळी मी काय केलं हुतं तेच मला सापडंना.

बिराप्पा हे ऐकत होता. त्याला आधी बरं वाटलं. चाळीस बायकांत एक, आणि ती एक पण खोटी. म्हणजे ती बाटली खोटी, तो कागद खोटा, ही थंड हवा आणि हे खोटं झाड सगळं एका सुजेवर उभं आहे, आणि ते पाडायला त्याचं एक वाक्य पुरेल. ते वाक्य तो अकरा महिने सांभाळून होता. अंबू जूनमध्ये गेली तेव्हा मायाला आठवा होता. हृदय थांबलं असं तिला सांगितलं. मग ती बाळंतीण होती, मग बाळ अंगावर पीत होतं, मग बाळाला ताप आला. दर वेळी एक कारण असायचं आणि ते खरं असायचं. पण घरात एकटा बसला की तो ते वाक्य काढून बघायचा. तू तुझ्या आईला सपाट निजवायचीस. तिचा जीव गुदमरत होता आणि तू वर घाण चोळत होतीस. यात मायाला काही माहीत नव्हतं ही गोष्ट तो बाजूला ठेवायचा. तिला माहीत नव्हतं कारण त्यानं सांगितलं नव्हतं, हीही. बरं वाटलेलं फार टिकलं नाही. वही घेऊन बसलेली माया त्याच्या डोळ्यांपुढं आली आणि तिचाही राग आला, की एवढी शिकलेली पोर, हिला चाळीस बायकांत एक उत्तर सापडत नाही. जनावरांच्या दवाखान्यातल्या शिपायालाही सूज कळते.

आतलं दार उघडलं. एक बाई लाल तोंडानं बाहेर आली आणि तिच्या मागं माया, निळे हातमोजे घातलेली. तिनं बापाला बघितलं आणि हातमोजे काढता काढता म्हणाली, आप्पा, कवा आला, फोन तरी करायचा. पूजा उभी राहिली. दीपमालानं बिराप्पाकडं नव्यानं बघितलं. माया त्याला आत घेऊन गेली. आत तोच पलंग होता, जुन्या जागेतला, वर नवं कापड. त्यानं शेंगांची पिशवी खुर्चीवर ठेवली आणि तारीख सांगितली. माया म्हणाली, मी आदल्या दिवशीच येते, सगळं मी करते. तिचं तोंड उतरलेलं होतं, गालांवर सुयांचे बारीक लाल ठिपके.

‘‘ते फोटो काढ,’’ तो म्हणाला.

तिनं काढलेले हातमोजे बादलीत टाकले. मग म्हणाली की तुम्हाला विचारायला हवं होतं, चुकलं. पण सकाळी कुलूप काढलं की पहिली आई दिसते, म्हणून लावलेत. ‘‘पयला काढा म्हणाला तर काढते, आप्पा. त्यात ती दमलेली दिसती. दुसरा न्हाई काढणार. माझ्याकडं तिचा तेवढाच एक फोटो हाय ज्यात ती बरी दिसती.’’

‘‘त्यात ती बरी न्हाई,’’ बिराप्पा म्हणाला. ‘‘त्यात ती मरायला लागलीय.’’

मग त्यानं सांगितलं. मिरज, स्कॅन, कडक फुप्फुसं, गोळ्या, भंडाऱ्याची पिशवी. सरकारी माणसासारखं क्रमानं सांगितलं, महिने आणि गोळ्यांची ताकद यांसकट. डॉक्टर चेहऱ्याबद्दल काय म्हणाला तेही. माया पलंगाच्या कडेला हात टेकून उभी होती. सगळं संपल्यावर तिची नजर कपाटावरच्या वहीवर गेली आणि तिथंच राहिली.

‘‘म्हंजे मी तिला हितं सपाट निजवायची तवा...’’

तो नाही म्हणू शकला असता. तिला बरं वाटायचं, तुझा हात लागला की बरं वाटायचं, असं काहीतरी. मायानं ते धरून ठेवलं असतं.

‘‘व्हय,’’ तो म्हणाला. ‘‘तीन-तीन दिवस बसून काढायची.’’

सांगून झालं. अकरा महिने ज्याला धार लावली ते तोंडातून गेलं आणि त्याला काहीच वाटलं नाही. माया रडली नाही. तिनं त्याच्याकडे वळून बघितलं आणि त्याला पहिल्यांदा तिची भीती वाटली.

‘‘मला म्हाईत नव्हतं. तुमाला हुतं. आणि तुमी भाईर पेपर वाचत बसला हुता.’’

एवढं बोलून ती बाहेर गेली. दार उघडंच राहिलं. तिनं स्टुलावर चढून ‘नंतर’चा फोटो खिळ्यावरून काढला, आणि तो दोन्ही हातांत धरून दीपमालाला सांगितलं की ताई, ही माझी आई, आणि हे ह्या औषधानं झालेलं नाही. तिला आजाराच्या गोळ्या चालू होत्या, त्यानं तोंड सुजलेलं. मला आजच कळलं. तुमचं आजचं नको करायला, आणि कराडचं पण राहू दे. पूजा खाली बघत होती. दीपमालानं बाटलीचं टोपण लावलं. मग तिनं पर्स मांडीवर घेतली आणि हळूच विचारलं, ‘‘गोळ्या कुठल्या हुत्या?’’

मायानं फोटो उलटा करून छातीशी धरला.

‘‘न्हाई, मला लग्नापुरतंच पायजे,’’ दीपमाला म्हणाली.

माया आत आली आणि तिनं दार लावलं. फोटो कपाटावर ठेवला. बिराप्पा जायला निघाला होता, पिशवी खुर्चीवर तशीच ठेवून. ती म्हणाली, ‘‘आडवं व्हा.’’ तो म्हणाला, कशाला. ती म्हणाली, ‘‘चाळीस मिनिटं केवढी असत्यात ती बघा. सपाट.’’ तिच्या आवाजात दवाखान्यात अडदांड बैल पाडताना असतो तसा ठामपणा होता. माघार घ्यायची नाही म्हणून तो पलंगावर चढला आणि आडवा झाला. कापड थंड होतं. छत पांढरं, त्यावर काहीच नव्हतं. श्वास नीट येत जात होता, त्याची फुप्फुसं धड होती, आणि त्या धडपणाची त्याला लाज वाटली. डोक्यामागं स्टूल सरकल्याचा आवाज झाला. माया बसली आणि त्याच्यावर वाकली.

तिचं तोंड त्याच्या तोंडावर आलं, उलटं, वीतभर अंतरावर. तिनं त्याला औषध लावलं नाही, सुई लावली नाही. दोन बोटांनी ती त्याच्या कपाळावरची कातडी ताणून बघत होती, मग डोळ्यांच्या कडा, मग गाल. हे तिच्या हातांना सवयीचं होतं. ती एकेक रेष बघत होती, खाली मान घालून, दुसरीकडं कुठंच लक्ष नसलेली. तिच्या नाकावर घाम होता. तिच्या डाव्या भुवईत एक जुना व्रण होता, पाचवीत असताना सायकलवरून पडल्याचा, टाका बिराप्पानंच घातला होता. तो व्रण त्यानं कित्येक वर्षांत बघितला नव्हता. ती अठराव्या वर्षी वसतिगृहात गेली, मग पुणे, मग सासर; आली की उभ्याउभ्या यायची, फोन हातात, एक पाय दारात. एवढ्या जवळून, एवढा वेळ, ती माहेरच्या कुणाजवळच बसली नव्हती. फक्त अंबूजवळ. एक रविवार आड, चाळीस मिनिटं. अंबू खाली पडून हे बघत होती. श्वास कोंडत असेल, छाती भरून येत असेल, आणि वर हे तोंड असेल, वीतभर, तिच्यासाठी वाकलेलं. तिनं त्याला हे सांगितलं नाही. भिंतीला टेकून बसायची, तो मायावर चिडायचा, त्या बाटलीवर चिडायचा, आणि ती त्याला चिडू द्यायची. अकरा महिने त्यानं राग कुणाकुणावर धरला होता, मेंढीच्या वारेवर, मायावर, बाकावरच्या पेपरवर. अंबूवर धरलेला नव्हता. तो आता आला, आणि ती उठून उत्तर देणार नव्हती. मायाच्या बोटांचा वास औषधाचा होता, गोडसर. बोटं त्याच्या जबड्याखाली आली आणि तिथं थांबली.

‘‘झालं,’’ माया म्हणाली. ‘‘उठा आता.’’

‘‘चाळीस झाली न्हाईत अजून,’’ बिराप्पा म्हणाला.